ओझे उतरवण्याची वेळ

मृग लागला, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलुखात माणसाची नजर आपोआप आभाळाकडे जाते. यंदा तिला तिथे दोन गोष्टी शोधायच्या आहेत, ढग आणि चंद्रकोर. बांध्यांमध्ये धानाचे पऱ्हे टाकण्याची तयारी चाललेली असेल, पहिल्या सरींनी कोळशाची काजळी झाडांच्या पानांवरून धुतली जात असेल, आणि त्याच सुमाराला, जूनच्या मध्यावर, मोहरमचा चंद्र दिसून हिजरी १४४८ या वर्षाचा आरंभ होईल. एका वर्षाची सुरुवात बियाण्याने होते, दुसऱ्याची स्मरणाने. दोन्ही आरंभ एकाच आठवड्यात यावेत हा योग वारंवार येत नाही. चांद्रवर्ष सौरवर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे मोहरम सगळ्या ऋतूंमधून प्रवास करीत असतो; कधी तो थंडीत येतो, कधी वैशाखवणव्यात, आणि एकाच ऋतूच्या उंबरठ्यावर परत यायला त्याला सुमारे तेहेतीस वर्षे लागतात.

म्हणजे याआधी मोहरम असा पेरणीच्या तोंडाशी आला होता तो १९९३ च्या जूनमध्ये. तेहेतीस वर्षे हा हिशेब मांडायला बरा काळ आहे. तेव्हा जो तरुण वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीत नव्याने पाळीवर जाऊ लागला होता, तो आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा आहे. तेव्हाचा गडचिरोली जिल्हा जेमतेम अकरा वर्षांचा होता. एटापल्लीहून लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावतील, असे तेव्हा कोणाच्या मनात आले नसते. चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र तेव्हाही होते, आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे. या काळात आपण वीज, कोळसा, कागद, सिमेंट आणि आता लोखंड असे बरेच काही देशाला दिले. त्या बदल्यात आपल्या मनाच्या वाट्याला काय आले, हे मात्र आपण क्वचितच मांडून पाहतो.

ताण हा शहरी माणसाचा, वातानुकूलित कचेरीतला आजार, असा एक समज आहे. आपल्या मुलुखाने तो केव्हाच खोटा ठरवला आहे. तेंदूपत्ता आणि मोहफुलाच्या दिवसांत पहाटे जंगलात गेलेली बाई घरी परतेपर्यंत तिच्या माणसांच्या पोटात गोळा असतो, कारण वाघ आता केवळ ताडोब्यात राहत नाही. पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर असताना खुल्या खाणीत डंपर चालवणारा चालक, रात्रपाळी संपवून दिवसा झोप न लागणारा वीज केंद्रातला कंत्राटी कामगार, कापसाचे भाव ऐकून गप्प झालेला राजुरा-कोरपन्याकडचा शेतकरी, पोलीस भरतीसाठी तिसऱ्यांदा धावणारा मुलगा, दुर्गम भागात दोन बंदुकांमधल्या भयाखाली वर्षानुवर्षे जगलेली गावे, यांपैकी कोणीही स्वतःच्या त्रासाला ताण म्हणत नाही. 'डोकं जड झालंय,' 'जीव लागत नाही,' 'झोप उडाली,' असे काहीतरी म्हणून गोष्ट तिथेच संपते.

आणि मग त्या जड डोक्याला जवळचा, स्वस्त वाटणारा उतारा सापडतो तो बाटलीचा. याविरुद्ध आपल्या दोन जिल्ह्यांतल्या बायांनी दिलेला लढा महाराष्ट्राला ठाऊक आहे. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली आणि ती आजही आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी, या वादावर बरीच शाई खर्च झाली आहे. पण दिवसभराचे ओझे घेऊन संध्याकाळी घराकडे निघालेल्या माणसाने ते उतरवावे कुठे, हा प्रश्न कायद्याच्या कलमांत मावत नाही. तो आज या निमित्ताने विचारायला हवा. दारू निषिद्ध मानणाऱ्या इस्लाम धर्माने त्या जागी माणसाच्या हातात काय दिले, ते पाहण्यासारखे आहे, मग आपण त्या धर्माचे असू वा नसू.

त्याने सर्वप्रथम वेळ दिली. पहाटेची फजर, दुपारची जोहर, उन्हे कलताना असर, सूर्य बुडताच मगरिब आणि रात्रीची इशा. दिवस कितीही धावपळीचा असो, त्याला पाच ठिकाणी थांबावे लागते. नमाजेची वेळ झाली, की पैगंबर बिलाल यांना अजान देण्यास सांगत, आणि ते सांगताना या नमाजेने आम्हाला विसावा दे, असा भाव त्यांच्या शब्दांत असे, अशी हदीस परंपरेत नोंद आहे. बिलाल हे एकेकाळचे गुलाम. तापलेल्या वाळूत छातीवर दगड ठेवून ज्यांचा छळ झाला, त्यांच्याच कंठातून विसाव्याची हाक निघावी, ही गोष्ट ऊन आणि दगड यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या आपल्या खाणपट्ट्याला विशेष जवळची वाटावी. नमाजेला उभे राहण्यापूर्वीची वजू पाहा. हात कोपरापर्यंत, तोंड, नाक, डोक्यावरून ओला हात, पाय घोट्यापर्यंत. दिवसभर कोळशाची धूळ खाल्लेल्या माणसाला हे पाणी आधी शरीराने कळते आणि मग मनाने. राग अनावर झाला तर उभे असल्यास बसावे, तरी न शमला तर आडवे व्हावे, वजू करावी, असा उपदेश पैगंबरांनी केला होता. आणि वाहत्या नदीच्या काठी बसून वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, असेही बजावले होते. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इरई अशा नद्या असूनही उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावणाऱ्या जिल्ह्यांनी हा दुसरा उपदेश भिंतीवर लिहून ठेवावा.

मग सजदा येतो. कपाळ जमिनीला टेकते. उभ्या दिवसात ज्या डोक्यावर साहेबाचा शब्द, सावकाराचा तगादा, मुलाच्या फीचा आकडा यांची गर्दी असते, ते डोके काही क्षण मातीच्या पातळीला येते आणि शेजारच्याचेही तिथेच असते. रांगेत शेजारी ठेकेदार आहे की हमाल, हे विचारायची सोय नाही. एकटेपणा हा ताणाचा जुना सोबती आहे, आणि खांद्याला खांदा लावून उभे राहण्याच्या नियमाने त्याच्यावर नेमका घाव घातला आहे. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी अशा कामगार वस्त्यांमध्ये देशभरातून माणसे पोटासाठी आली. परक्या गावात पहिली ओळख अनेकांना जुम्म्याच्या रांगेतच मिळाली असेल. गावचा माणूस आजारी पडला, कोणाची पाळी बदलली, कोणाच्या घरी लग्न निघाले, हे सारे नमाज संपल्यावर चप्पल घालता घालता कळते. ही देवाणघेवाण नमाजेचा भाग नव्हे, पण नमाजेनेच ती शक्य केली आहे.

परंतु मोहरमच्या निमित्ताने आपण ज्या एका गोष्टीपाशी अधिक थांबायला हवे, ती मशिदीतली नाही, घरातली आहे. करबलाच्या हुसेन यांची आई फातिमा, पैगंबरांची लाडकी लेक. घरी जाते ओढून ओढून तिच्या हातांना घट्टे पडले होते, पखालीने पाणी वाहून अंग दुखत होते. मदतीला एखादा सेवक मिळावा म्हणून ती वडिलांकडे गेली. पैगंबर रात्री तिच्या आणि तिचे पती अली यांच्या घरी आले आणि म्हणाले, की मागितलेस त्याहून चांगले काही देतो. झोपण्यापूर्वी तेहेतीस वेळा सुभानअल्लाह, तेहेतीस वेळा अलहम्दुलिल्लाह आणि चौतीस वेळा अल्लाहु अकबर म्हणत जा. आज जगभर जपमाळेवर, बोटांच्या पेरांवर जी तसबीह म्हटली जाते, तिला फातिमेचेच नाव आहे.

ज्या महाराष्ट्रात बायांनी जात्यावर बसून आपले सारे दुःख ओवीत घातले, त्या महाराष्ट्राला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागू नये. दळण संपत नाही. उद्या पुन्हा दळायचे आहे. पण दिवसाच्या शेवटी शंभर वेळा जिभेवर एक नाव फिरवताना मोजायला काहीतरी दुसरे मिळते; कर्ज, कष्ट, अपमान मोजणारे मन काही काळ कृतज्ञता मोजू लागते. श्वास संथ होतो, हे तर आहेच, आणि आजचे वैद्यकशास्त्र संथ श्वासाची किंमत जाणते. गडचिरोलीत राहून काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिले, तेव्हा स्वतःच्या हृदयविकारानेच त्यांना आपल्या धावपळीकडे, मनाकडे आणि ध्यानाकडे वळून पाहायला लावले, हे मराठी वाचकाने आवडीने वाचले. तो मार्ग गांधी-विनोबांच्या परंपरेतून आलेला होता. वाटा निराळ्या असल्या, तरी मन एका ठिकाणी आणून बसवण्याचा अभ्यास रोज करावा लागतो, एकदाच करून चालत नाही, याविषयी त्यांच्यात मतभेद दिसत नाही.

मोहरमचा दहावा दिवस, आशूरा, हा या अभ्यासाची कसोटी आहे. हिजरी ६१, इसवी सनाचे ६८०, ठिकाण करबला. फुरात नदी डोळ्यांसमोर वाहत असताना हुसेन यांच्या तळाचे पाणी तोडले गेले होते. मुले तहानेने व्याकुळ होती. त्या दिवशीही दुपारची नमाज चुकली नाही, सोबतचे काही जण बाण झेलत पुढे उभे राहिले, अशी ती कथा पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. सब्र या गुणाकडे आपण पुष्कळदा निमूट सोसणे म्हणून पाहतो. करबलामध्ये कोणी निमूट सोसले नाही. अन्यायापुढे मान तुकवायला नकार दिला आणि तो नकार देतानाही मनाचा तोल सुटू दिला नाही. ज्याची रोज अन्यायाशी गाठ पडते, त्या माणसाच्या कामाचा सब्र हा आहे. त्यामुळेच शोक करणारे शिया असोत, नववा-दहावा रोजा ठेवणारे सुन्नी असोत, की या दहा दिवसांत दुकानाला कुलूप लावून वाअझ, म्हणजे प्रवचन, ऐकायला बसणारे बोहरी व्यापारी असोत, प्रत्येक जण आपापल्या रीतीने धंद्या-रोजगाराच्या वर काहीतरी ठेवून पाहतो. आणि विदर्भातल्या सवाऱ्या, ताजिये, चौकाचौकांतले शरबत यांत तर कोण कोणत्या धर्माचा, हे शोधणाऱ्याची फजितीच होते. नदीपलीकडे तेलंगणात याच दिवसांना पीरला पंडुगा म्हणतात आणि तिथेही गावेच्या गावे त्यात उतरतात. तहानेच्या आठवणीने तहानलेल्याला पाणी पाजायचे, ही रीत उन्हाळ्याने भाजून निघालेल्या आपल्या गावांनी इतकी आपली केली, की तिचा उगम कुठला, हे विचारायचेही कोणाला सुचत नाही.

चंद्रपूरच्या मोहरमची आणखी एक रीत मात्र साऱ्या महाराष्ट्राने येऊन पाहावी अशी आहे. इथल्या जिल्हा कारागृहाच्या आवारात गैबीशाह वलींचा दर्गा आहे. एरवी ज्या दारातून आत जायचे म्हटले तरी छाती धडधडते, ते दार मोहरमच्या दिवसांत सामान्य भाविकांसाठी उघडले जाते. बायामुले, म्हातारी माणसे, हिंदू, मुसलमान, गोंड, सगळे रांग लावून तुरुंगात जातात, चादर चढवतात, नवस फेडतात. त्याच आवारात इंग्रजांशी लढलेल्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी फाशी दिली, तो पिंपळ आहे. दर्ग्यापाशी गेलेले हात तिथेही जोडले जातात. नागपूरच्या ताजुद्दीनबाबांचेही असेच. १८९२ ते १९०८ या काळात ते नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते, आणि मनाची शांती शोधणारी माणसे त्यांच्या दर्शनाला त्या इस्पितळाच्या दारात गर्दी करीत. पुढे राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून आपल्या वाड्यावर आणले. चिमूरकडची माणसे ज्या टेकडीवर श्रद्धेने चढतात, ते वर्धा जिल्ह्यातले गिरडचे फरीदबाबांचे ठाणेही याच मालिकेतले. तुरुंग, वेड्यांचे इस्पितळ, जंगलातली टेकडी, असल्या ठिकाणी आपल्या लोकांनी विसावा शोधला, यात त्यांचे एक शहाणपण दिसते. सुखवस्तू जागी बसून सांगितलेल्या शांतीवर त्यांचा विश्वास बसला नसावा. बंधनात राहून, वेडा ठरवला जाऊन, रानात एकटे राहून जो शांत राहिला, त्याच्यापाशी आपले दुखणे मांडावे, असे त्यांना वाटले.

दर्ग्यावर चादर चढवणे धर्माला धरून आहे का, याबद्दल मुस्लिम समाजातच मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. त्यात न्यायनिवाडा करण्याचा आपला अधिकार नाही. पण एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण ती न सांगितल्याने जीव गेले आहेत. मनाचा थकवा आणि मनाचा आजार यांत अंतर आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एर्वाडी इथे दर्ग्याजवळच्या निवासात साखळदंडांनी बांधून ठेवलेले अठ्ठावीस मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. बांधलेले असल्यामुळे त्यांना पळताही आले नाही. त्यांना तिथे आणून सोडणाऱ्या घरच्यांचीही श्रद्धा खरीच असेल. नुसत्या खऱ्या श्रद्धेने काम भागत नाही, हे इस्लामच्या पायाभूत शिकवणीत आहे: उंट मोकळा सोडून ईश्वरावर हवाला ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांध आणि मग हवाला ठेव, असे सांगितले होते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्ग्याच्या आवारात 'दवा आणि दुआ' या नावाने मनोविकारतज्ज्ञांचे केंद्र सुरू झाले. मुजावर स्वतःच आलेल्या रुग्णाला दुआ देतात आणि तपासणीकडेही पाठवतात. आपल्याकडच्या दर्ग्यांनी, मशिदींनी, आणि खरे तर देवळांनीही ही वाट धरायला कोणाची आडकाठी आहे? सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येते. वजूखान्याच्या भिंतीवर, जिथे माणूस दिवसातून अनेकदा हमखास येतो, तिथे हा क्रमांक रंगवून ठेवायला एक दुपार पुरे. झोप उडालेला, जेवण तुटलेला, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणारा माणूस रांगेत आपल्या शेजारी असेल, तर त्याच्यासाठी दुआ करावी आणि त्याला सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयाची पायरीही चढावी. हे दोन्ही एकाच कर्तव्याचे भाग आहेत.

जुम्म्याच्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनातही या विषयाला जागा मिळायला हवी. आपल्या भागातल्या कितीतरी मुसलमान घरांत पोरे मराठी शाळेत शिकतात, शेताचे, दवाखान्याचे, कचेरीचे सारे व्यवहार मराठीत होतात. खुतब्यापूर्वीचे बयान कधीतरी मराठीतून व्हावे, त्यात कर्जाबद्दल, व्यसनाबद्दल, परीक्षेत नापास झालेल्या मुलाशी कसे बोलावे याबद्दल दोन शब्द यावेत, ही अपेक्षा फार नाही. शेख महंमदांनी श्रीगोंद्यात राहून चारशे वर्षांपूर्वी मराठीतूनच अध्यात्म सांगितले होते. तेव्हा ही भाषा या विषयाला नवी नाही.

राहता राहिली घरातली गोष्ट, आणि तिथेच हिशेब सर्वांत थकलेला आहे. फातिमेची तसबीह आपण मुलींना शिकवतो, ती शिकवताना जात्यावरचे तिचे घट्टे मात्र गाळून टाकतो. ताण हलका करण्याचे साधन तिला दिले, की तिच्यावरचे काम हलके करण्याची जबाबदारी संपली, असा अर्थ आपण सोयीने काढला आहे. पैगंबर घरी असताना काय करीत, असे विचारल्यावर आयेशा यांनी सांगितले होते, की ते घरच्यांच्या कामाला हात लावत आणि नमाजेची वेळ झाली की निघत. स्वतःचे कपडे शिवणे, चप्पल सांधणे हीदेखील त्यांची रोजची कामे. रमजानात सहरीसाठी सर्वांआधी उठणारी आणि इफ्तारनंतर सर्वांत शेवटी बसणारी बाई आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे. आता पेरणी उरकली, की ती दिवसभर चिखलात रोवणीला वाकेल आणि संध्याकाळी पुन्हा चुलीशी बसेल. हीच गोष्ट शेजारच्या गोंड, कुणबी, माळी, बौद्ध घरांतही तशीच आहे, त्यामुळे हे केवळ एका समाजाला सांगणे नाही. नव्या हिजरी वर्षाच्या पहिल्या रात्री इशाची नमाज आटोपून, किंवा आपापल्या घरची सांजवात लावून झाल्यावर, पुरुषांनी भांडी घासायला घ्यावीत, पाणी भरून ठेवावे, लहानग्याला निजवावे. त्या वेळात तिला वजू करून, दार लोटून, घाई न करता बसता येईल, आणि तिची तसबीह त्या रात्री मध्येच कोणाच्या हाकेने तुटणार नाही.